ओटा हलवायचा, तर विचारायचं कुणाला?



डिसेंबरात लंडनला सूर्य चारच्या आतच मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम असलेल्या घरांत त्या दिवसांत तीनलाच पानं घ्यावी लागतात, म्हणजे रांधणं दोनपर्यंत आटपलेलं हवं. आणि आपलं रांधणं हे मुळातच उजेडाचं काम. डाळ-तांदूळ निवडायचे, पालेभाजीचं पान न् पान उलटून बघायचं, भेंडी उभी चिरून आत कीड नाही ना ते पाहायचं, पाणी गाळून घ्यायचं. दिव्याखाली हे होत नाही असं नाही, पण मन भरत नाही.

लंडनच्या जुन्या इमारतींतली स्वयंपाकघरं मात्र बहुधा मागच्या अंगाला, उन्हाकडे पाठ करून बसलेली. भर दुपारी दिवा लावल्याशिवाय चपाती भाजली की करपली ते कळत नाही. पुढची मोठ्या खिडकीची खोली दिवाणखान्याची. मग घरोघरी एकच विचार निघतो: ओटा पुढे आणू या, दिवाणखाना मागे नेऊ. घर आपलं, पैसे आपले, विचारायचं कुणाला?

विचारायचं बऱ्याच जणांना. त्या प्रत्येकाला का विचारायचं याला इतिहास आहे. तो कळला की कुठल्या परवानगीपुढे मान झुकवायची आणि कुठल्या परवानगीसाठी भांडायचं, हेही कळतं. म्हणून आज थोडं सविस्तर लिहिते आहे.

आधी ते स्वयंपाकघर मागे का गेलं ते बघू. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या श्रीमंत आणि मध्यमवर्गीय घरात स्वयंपाकघर तळघरात असे. तिथे घरची बाई रांधत नसे, नोकर रांधत. कोळशाची भट्टी, धूर, उकडलेल्या मांसाचा वास, हे सगळं मालकांच्या नाकापासून जितकं लांब तितकं बरं. रस्त्याच्या कडेला कठड्याआड खाली उतरणाऱ्या पायऱ्या अजून दिसतात, त्या नोकरांच्या आणि कोळसेवाल्याच्या. पुढे एका इमारतीत अनेक बिऱ्हाडं अशी ‘मॅन्शन फ्लॅट्स’ उभी राहिली. अल्बर्ट हॉलशेजारच्या इमारती १८८० च्या आसपासच्या. त्यांतही तोच नियम एका मजल्यावर आडवा झाला: दिवाणखाना रस्त्याकडे किंवा बागेकडे, स्वयंपाकघर मागच्या चौकाकडे. पुढे दोन महायुद्धांच्या काळात नोकर परवडेनासे झाले, मोठी घरं कापून मजल्यामजल्यावर फ्लॅट केले गेले, आणि ज्या मागच्या खोलीपर्यंत नळ आणि सांडपाण्याचा पाइप पोहोचला होता तिथेच प्रत्येक मजल्याचं स्वयंपाकघर बसलं. थोडक्यात, ती अंधारी खोली निवडताना त्यात दिवसभर उभं राहणाऱ्या बाईचा विचार कुणी केलाच नव्हता. हॅम्पस्टेडच्या लॉन रोड फ्लॅट्सनी तर १९३४ मध्ये कमालच केली. फ्लॅटमध्ये फक्त चहापुरती जागा ठेवली आणि जेवण इमारतीच्या सामाईक स्वयंपाकघरातून यायचं ठरवलं. ॲगाथा ख्रिस्ती युद्धाच्या काळात तिथे राहिली. रहस्यकथा लिहिणारीला ते सोयीचं असेल. चौविहार करणारीचं तिथे कसं व्हायचं!

आता मालकीकडे वळू. इंग्लंडात फ्लॅट ‘विकत घेतला’ असं आपण म्हणतो, पण जे घेतो ते बहुधा लीज असतं, म्हणजे ठरावीक वर्षांचा भाडेपट्टा. ९९ वर्षं, १२५ वर्षं, कधी ९९९. जमीन, पाया, बाहेरच्या भिंती, छप्पर, जिना हे मूळ मालकाकडे, त्याला इथे फ्रीहोल्डर म्हणतात. आपल्याकडे येते ती त्या भिंतींच्या आतली जागा, तीसुद्धा पट्ट्याची मुदत संपेपर्यंत.

ही पद्धत मूळची उमरावांची. लंडनच्या पश्चिमेची शेतं ग्रोव्हनर, बेडफर्ड, कॅडोगन अशा घराण्यांच्या ताब्यात होती. अठराव्या शतकात शहर तिकडे पसरू लागलं तेव्हा त्यांनी जमीन विकली नाही. बांधकाम करणाऱ्याला लांब मुदतीच्या पट्ट्यानं दिली. त्यानं स्वतःच्या पैशानं घर बांधायचं, भाडं भरायचं, आणि मुदत संपली की जमीन घरासकट घराण्याकडे परत. घर शेवटी आपल्याकडेच येणार असल्यामुळे त्या भिंतींना कोण काय करतं यावर मालकाची नजर असे. विचारल्याशिवाय भिंत फोडायची नाही, पाडायची नाही, आतली रचना बदलायची नाही, या अटी तेव्हापासूनच्या आहेत. आजही कित्येक लीजमध्ये ‘कोणतीही भिंत, छत किंवा तुळई कापू नये, इजा करू नये’ अशा अर्थाचं जुन्या वळणाचं कलम सापडतं.

मुंबईकरांना हे अगदीच परकं वाटू नये. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये नेमलेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं दादर-माटुंग्याकडे वस्ती वसवली तेव्हा भूखंड पट्ट्यानंच दिले. पण मुंबईनं पुढे वेगळी वाट धरली. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वतांनी सहकारी गृहसंस्था काढली. राहणारेच सभासद आणि राहणाऱ्यांचीच इमारत, हा मार्ग तिथून रुळला. १९७० मध्ये महाराष्ट्रानं अपार्टमेंटच्या मालकीचा स्वतंत्र कायदाही केला. इंग्लंडला असा कायदा सुचायला २००२ उजाडलं. त्याला ‘कॉमनहोल्ड’ म्हणतात आणि तशा इमारती अजून बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत.

इतकी वर्षं फ्लॅट लीजवरच का राहिले? याचं कारण उमरावांच्या हट्टापेक्षा वेगळं आहे आणि मला ते फार पटतं. इंग्रजी कायद्यात पूर्ण मालकीच्या जमिनीवर ‘अमुक करू नये’ ही अट पुढच्या मालकालाही बांधते, पण ‘अमुक खर्च करून दुरुस्ती करावी’ ही अट बांधत नाही. १८८५ च्या ओल्डहॅमच्या खटल्यात हे ठरलं आणि १९९४ मध्ये सर्वोच्च पातळीवर पुन्हा तेच सांगितलं गेलं. त्या दुसऱ्या खटल्यात गोष्ट अगदी घरगुती होती. एका घराचं छप्पर शेजारच्या घराच्या एका भागावर आलेलं. घर विभागताना छपराची दुरुस्ती आम्ही करू असं लिहून दिलेलं. पुढे मालक बदलले, छप्पर गळू लागलं, आणि न्यायालय म्हणालं की नव्या मालकाला ते वचन लागू नाही. आता विचार करा, एकावर एक सहा बिऱ्हाडं आणि वरच्यानं छप्पर नीट ठेवण्याची सक्ती करता येत नाही! लीजमध्ये मात्र मालक आणि पट्टेदार यांच्यातली वचनं पुढच्या माणसालाही चिकटून जातात. म्हणून फ्लॅट आला की लीज आलं. एकमेकांच्या डोक्यावर राहणाऱ्यांना बांधून ठेवायला इंग्रजांना दुसरी दोरी सापडली नाही.

इथे आपल्या घरातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिसरं व्रत अचौर्य. त्याचं जुनं नाव अदत्तादानविरमण, म्हणजे जे दिलेलं नाही ते घेणं सोडणं. ‘चोरी करू नये’ यापेक्षा हे कितीतरी रुंद आहे. तत्त्वार्थसूत्रात या व्रताला बळ देणाऱ्या पाच भावना आहेत. आपल्या दिगंबर पाठातल्या पहिल्या तिन्ही राहत्या जागेविषयी आहेत: ओस जागेत राहावं, कुणी सोडून दिलेल्या घरात राहावं, आणि जिथे राहू तिथे दुसऱ्याला आडकाठी करू नये. श्वेतांबर परंपरेत साधू-साध्वी कुठे उतरायचं असेल तर आधी घरधन्याकडे जागेची अनुज्ञा मागतात. तिला अवग्रह म्हणतात आणि जागा देणाऱ्याला शय्यातर. मागणं नुसतं ‘राहू का?’ एवढं नसतं. किती जागा आणि किती काळ, हे देणाऱ्याच्या मर्जीनं ठरतं, आणि तेवढ्यातच राहायचं. किती जागा, किती काळ! लीज उघडलं की पहिल्या दोन पानांवर हेच दोन प्रश्न असतात. अर्थात महाव्रतं मुनींची, आपली अणुव्रतं, आणि शय्यातर काही दरवर्षी भुईभाडं वसूल करत नाही. पण ‘पैसे मोजले म्हणजे सगळं माझं झालं’ असं म्हणण्यापूर्वी काय दिलं गेलं आहे ते वाचून बघावं, हे आपल्याला कुणा वकिलानं शिकवायला नको.

तर पहिलं काम लीज वाचणं. त्यात दोन गोष्टी शोधायच्या. एक, आपल्याला नेमकं काय दिलंय. पुष्कळ लीजमध्ये फरशी किंवा लाकडी फळ्या आपल्या असतात, पण त्यांच्या खालच्या तुळया आणि मधली पोकळी मूळ मालकाची. स्वयंपाकघर हलवताना सांडपाण्याचा पाइप नेमका त्याच पोकळीतून न्यावा लागतो. म्हणजे भिंतीला हातही न लावता आपण दुसऱ्याच्या जागेत शिरलेले असतो. ती जागा आपल्याला दिलेलीच नसेल तर प्रश्न नुसता बदलाच्या संमतीचा राहत नाही, तिथे मालक सरळ ‘नाही’ म्हणू शकतो.

दुसरं, बदलाबद्दलचं कलम. ते तीन प्रकारचं असतं. काही लीज म्हणतात, बदल करू नये, बस्स. काही म्हणतात, संमतीशिवाय करू नये. आणि काही पुढे जोडतात, की संमती विनाकारण नाकारली जाणार नाही. मधल्या प्रकारच्या लोकांचं भलं केलं ते १९२७ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टनं. त्याच्या १९ व्या कलमानं ठरवलं की लीजमध्ये ‘संमतीशिवाय’ असे शब्द असतील आणि बदल ही ‘सुधारणा’ असेल, तर संमती विनाकारण नाकारता येणार नाही, मग लीजमध्ये तसं लिहिलेलं असो वा नसो. मालमत्तेची किंमत घटणार असेल तर मालकानं वाजवी भरपाई मागावी, वकिलाचा खर्च घ्यावा, काही वेळा ‘मुदत संपताना पूर्ववत करून देईन’ असं लिहून घ्यावं. पण उगाच नाही म्हणू नये.

‘सुधारणा’ कुणाच्या दृष्टीनं? हा प्रश्न १९३० च्या दशकात वूलवर्थ दुकानाच्या एका खटल्यात आला. न्यायालयानं सांगितलं, पट्टेदाराच्या दृष्टीनं. मालकाला ते आवडतं की नाही हा मुद्दाच नाही. वाद एका दुकानाचा होता, पण फायदा तुमच्या-आमच्या ओट्याला झाला. उजेडातलं स्वयंपाकघर आपल्या घराला सुधारणा आहे की नाही, हे आपण सांगायचं. म्हणून अर्जात संकोच न करता कारण लिहावं. ‘आम्ही सूर्यास्तापूर्वी रांधतो आणि जेवतो, म्हणून उजेडाची खोली हवी’ हे वाक्य लिहायला लाजू नये.

पण पहिल्या प्रकारच्या लीजला, ‘करू नये, बस्स’ या लीजला, १९२७ चा कायदा लागू होत नाही. पूर्वी अशा वेळी मालकाला भेटायचं, गोड बोलायचं, फी भरायची आणि परवाना घ्यायचा, असं चालायचं. २०२० च्या मे महिन्यात ते थांबलं. मेडा व्हेलमधल्या रँडॉल्फ क्रेसेंटवरच्या इमारतीत नऊ फ्लॅट. इमारतीची मालक कंपनी फ्लॅटवाल्यांचीच. एका बिऱ्हाडाला भार पेलणाऱ्या भिंतीचा भाग काढायचा होता. कंपनी परवाना द्यायला तयार झाली आणि दुसऱ्या बिऱ्हाडानं हरकत घेतली. प्रत्येक लीजमध्ये भिंतीला हात न लावण्याची अट होती, आणि शेजाऱ्यानं मागणी केली तर मालकानं ती अट इतरांकडून पाळून घ्यावी असंही वचन होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की असं वचन दिलेल्या मालकाला ती अट परस्पर सोडून देता येत नाही. परवाना देणं म्हणजे बाकीच्यांना दिलेलं वचन मोडणं. (निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्तींचं आडनाव किचिन. खरंच!)

या निकालाचा अर्थ आपल्या मैत्रिणी अजून नीट ध्यानात घेत नाहीत असं मला वाटतं. मालकाची सही हातात आली म्हणजे काम झालं, असं आता नाही. लीजमध्ये ती दोन कलमं असतील तर खालच्या मजल्यावरची एकटी म्हातारीसुद्धा काम अडवू शकते, आणि कायदा तिच्या बाजूनं उभा राहील. म्हणून मालकाच्या आधी तिच्याकडे जायचं. रिकाम्या हातानं नाही, डबा घेऊन.

तिच्या बाजूनं विचार केला तर तिचं म्हणणं अगदी खरं असतं. बऱ्याच लीजमध्ये एक छोटं कलम असतं: स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सोडून सगळ्या खोल्यांत गालिचा असावा. वाचताना हसू येतं, पण त्यामागे जुन्या घरांच्या पातळ लाकडी जमिनी आहेत. १९९९ मध्ये सदर्कच्या भाडेकरूंचा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. शेजाऱ्यांचं रोजचं चालणं-बोलणं-भांडी घासणं सगळं ऐकू येतं, झोप लागत नाही, अशी तक्रार होती. न्यायालयाला वाईट वाटलं, पण निकाल असा लागला की साधं रोजचं वागणं हा उपद्रव ठरत नाही आणि आवाज अडवण्याची व्यवस्था नव्यानं करून देणं मालकावर बंधनकारक नाही. म्हणजे खालच्या बाईला आवाजापासून वाचवणारी गोष्ट बहुतेक वेळा एकच, तो गालिचा. आपण ओटा पुढच्या खोलीत आणतो तेव्हा तिच्या झोपायच्या खोलीवरचा गालिचा निघतो. वर पहाटे मिक्सर, पाटा-वरवंटा असेल तर विचारायलाच नको. शिवाय नळ गळला तर थेट तिच्या अंथरुणावर. म्हणूनच मालकाचे सर्व्हेअर ओल्या खोलीखाली ओली खोली असावी असा आग्रह धरतात. परोपरोधाकरण म्हणजे दुसऱ्याला आडकाठी न करणं, ते हेच. फरशीखाली आवाज शोषणारा थर घालीन, पाण्याची गळती रोखणारा थर घालीन, हे आपणहून अर्जात लिहिलं तर निम्मा विरोध मावळतो.

मालकाची परवानगी ही झाली एक शाखा. दुसरी शाखा सरकारची, आणि तिचा उगम मालकीत नाही, आगीत आहे.

२ सप्टेंबर १६६६ च्या पहाटे पुडिंग लेनमधल्या थॉमस फॅरिनरच्या बेकरीत आग लागली आणि जुनं लंडन चार-पाच दिवस जळत राहिलं. पुढच्याच वर्षी संसदेनं पुनर्बांधणीचा कायदा केला: घरं विटांची किंवा दगडाची, भिंतींची जाडी ठरलेली, आणि ते तपासायला माणसं नेमलेली. घर तुमचं असलं तरी ते कसं बांधायचं यात शहराचा शब्द असतो, हे लंडनला एका भट्टीनं शिकवलं.

१६ मे १९६८. न्यूहॅममधली रोनन पॉइंट ही २२ मजली इमारत, लोक राहायला येऊन दोनेक महिने झालेले. अठराव्या मजल्यावर एका बाईनं पहाटे चहासाठी काडी ओढली. शेगडीच्या गॅस जोडणीतला पितळी नट कमअस्सल होता, गॅस साठलेला होता. स्फोटानं भार पेलणारी बाहेरची भिंत उडाली आणि इमारतीचा एक अख्खा कोपरा पत्त्यांसारखा खाली आला. चार जण गेले. ती बाई वाचली. एका शेगडीनं वरखालच्या इतक्या खोल्या कोसळू शकतात, हे तोवर नियमांत धरलंच नव्हतं. त्यानंतर इमारतीच्या मजबुतीचे नियम बदलले. आज गॅसच्या शेगडीची जागा हलवायची तर नोंदणीकृत कारागीरच लागतो. २००९ पासून त्यांची नोंद ‘गॅस सेफ’ या यादीत असते. ओळखीच्या माणसाकडून स्वस्तात करून घेण्याची ही गोष्ट नाही. जमलं तर गॅस सोडूनच द्यावा. अग्निकायाचे जीव मानणाऱ्या आपल्याला इंडक्शनबद्दल काय वाटतं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि त्यावर आपल्यात एकमत नाही.

आणि १४ जून २०१७. ग्रेनफेल टॉवर. चौथ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटच्या स्वयंपाकघरात फ्रिजपाशी आग लागली. एका खोलीत लागलेली ती आग खिडकीपाशी बाहेरच्या आवरणाला लागली आणि काही मिनिटांत वर चढली. ७२ माणसं गेली. यावर लिहिताना हात थांबतो. त्या बिऱ्हाडाचा यात काही दोष नव्हता. इमारतीला ज्वालाग्राही आवरण चढवणाऱ्यांनी आणि ते चालवून घेणाऱ्यांनी केलेलं ते पाप. त्यातून २०२२ चा बिल्डिंग सेफ्टी ॲक्ट आला. आता १८ मीटर किंवा सात मजल्यांहून कमी नसलेल्या निवासी इमारतीत बांधकामाची परवानगी नगरपालिकेकडून मिळत नाही, बिल्डिंग सेफ्टी रेग्युलेटरकडून घ्यावी लागते. ऑक्टोबर २०२३ पासून हे लागू आहे. फ्लॅटच्या आतल्या आत स्वयंपाकघर हलवण्यालाही हाच रस्ता. नियमात मुदत आठ आठवड्यांची, पण कित्येकांना महिनोन् महिने थांबावं लागलंय. पुष्कळ जण कुरकुरतात. मी कुरकुरत नाही.

लहान इमारतीत हेच काम स्थानिक कौन्सिलच्या किंवा मान्यताप्राप्त तपासनिसाच्या ‘बिल्डिंग कंट्रोल’कडे जातं. तिथे पहिला प्रश्न आगीचा. झोपायच्या खोलीतून दाराकडे पळताना वाटेत शेगडी येऊ नये. उजेडाची खोली नेमकी दाराजवळ असेल, तर बेत इथेच अडतो. दुसरा प्रश्न धुराचा आणि वाफेचा: पंखा शेगडीलगत असेल तर त्यानं सेकंदाला ३० लिटर हवा बाहेर टाकावी, दुसरीकडे कुठे असेल तर ६०. आणि तिसरा, सगळ्यात हट्टी प्रश्न, उताराचा. सिंकचा ४० मिलिमीटरचा पाइप साधारण ३ मीटरच्या आत उभ्या नळाला मिळावा आणि दर मीटरला निदान १८ मिलिमीटर खाली उतरत जावा, असं इथलं मार्गदर्शन सांगतं. लांब न्यायचा तर पाइप जाड घ्यावा लागतो, नाहीतर वेगळी हवा-नळी जोडावी लागते. मागच्या नळापासून पुढच्या खिडकीपर्यंत आठ-दहा मीटर अंतर असतं. तेवढा उतार तुळयांच्या पोकळीत मावत नाही, आणि तुळया कापायला मालक देत नाही. पंपानं पाणी ओढता येतं, पण तो आवाज करतो आणि बिघडतो. माझ्या पाहण्यात जितके बेत मालकाच्या नकारानं मोडले, त्यापेक्षा जास्त या उतारानं मोडले आहेत. म्हणून वकिलाच्या आधी प्लंबरला बोलवावं. त्याची फी कमी असते आणि तो खरं बोलतो.

राहिली नगररचनेची परवानगी. फ्लॅटच्या आतला बदल बाहेरून दिसत नसेल तर ती सहसा लागत नाही. पण पंख्याचं तोंड दर्शनी भिंतीत काढलं तर लागू शकते, कारण स्वतंत्र घराला असलेल्या सवलती फ्लॅटला नाहीत. इमारत वारसा यादीतली असेल तर मात्र आतला ओटासुद्धा विचारून हलवावा लागतो, आणि न विचारता केलेलं काम हा फौजदारी गुन्हा आहे. हे खातं किती कडक असतं त्याचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचं आहे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर जिथे राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये घेतलं. तिथे स्मारक झालं, पण राहत्या घराचं संग्रहालय करायला कॅम्डेन कौन्सिलनं परवानगी नाकारली. शेजाऱ्यांच्याही हरकती होत्या. अपील, चौकशी, आणि शेवटी मार्च २०२० मध्ये मंत्रिपातळीवर मान्यता. घर पूर्ण विकत घेतलेलं, घेणारं एक राज्य सरकार, तरी वापर बदलायला पाच वर्षं लागली.

एक परवानगी दुसरीच्या जागी चालत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवावं. कौन्सिलचा शिक्का आला म्हणजे मालकाची संमती आली असं होत नाही, आणि मालकाची सही बिल्डिंग कंट्रोलला पुरत नाही. न विचारता केलं तर काय होतं? १९२५ च्या कायद्यातला जुना बडगा अजून आहे: लीजची अट मोडली म्हणून लीजच रद्द करण्याची मागणी. २००२ च्या कायद्यानं त्याला लगाम घातला. अट मोडली हे आपण कबूल केलेलं असावं किंवा ट्रिब्युनलनं ठरवलेलं असावं लागतं, त्याशिवाय मालकाला नोटीसही देता येत नाही. बहुतेक प्रकरणं तिथवर जात नाहीत, दंड-खर्च आणि पूर्ववत करण्यावर मिटतात. पण लाखो पौंडांचं घर अशा टांगणीला कशाला लावायचं? २००२ च्याच कायद्यात आपल्या बाजूचंही एक कलम आहे: परवानगीसाठी मालक घेतो ती फी वाजवी असावी, नसेल तर ट्रिब्युनलकडे दाद मागता येते. मालकाच्या कचेरीतून अव्वाच्या सव्वा आकडा आला तर घाबरून लगेच भरू नये. हिशोब मागावा, तोही लेखी.

ज्यांचा बेत उतारामुळे किंवा आगीच्या नियमामुळे बसत नाही, त्यांच्यासाठी एक मधला मार्ग आहे, आणि तो मी दोन-तीन घरांत पाहिला आहे. शेगडी आणि सिंक मागेच ठेवायचं. निवडणं, चिरणं, पाणी गाळणं, पानं वाढणं हे सगळं पुढच्या खिडकीशी एका टेबलावर आणायचं. टेबल हलवायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि ज्यांना परवानगी मिळाली, त्यांनी काम झाल्यावर मालकाच्या परवान्याची सही झालेली प्रत, बिल्डिंग कंट्रोलचं पूर्णत्वाचं प्रमाणपत्र, गॅसचा आणि विजेचा दाखला, नव्या रचनेचा नकाशा, सगळं एका पाकिटात घालून लीजच्या मूळ प्रतीबरोबर ठेवावं. पुढे घर विकायची वेळ आली की घेणाऱ्याचा वकील नकाशात मागे दाखवलेलं स्वयंपाकघर पुढे कसं दिसतंय, हे पहिल्या आठवड्यातच विचारतो.